एकाच सह्याद्रीत कुणाच्या साठ प्रजाती, कुणाच्या दोनच : असं का?

करवंद (धागाकर्ता)

सह्याद्रीतले दोन बेडूक-वंश शेजारी ठेवून बघा. एक झुडपी बेडूक, राओर्चेस्टेस. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, पावसाळ्यात जाळीतून रात्रभर टिकटिकत असतो. यांच्या साठाहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत, बहुतेक सगळ्या सह्याद्रीतल्या, आणि यादीत अजून भर पडतेच आहे. दुसरा जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस. वर्षभर जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो, प्रजननापुरता वर येतो. त्याची पहिली प्रजाती २००३ मध्ये शास्त्राला कळली, दुसरी २०१७ मध्ये. संपली यादी. सर्वांत जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर, आणि तेही चारच.

डोंगर तोच, पाऊस तोच. वयाने तर जांभळा बेडूक कितीतरी थोरला. वेळ जास्त मिळाला म्हणून प्रजाती जास्त, हा हिशेब इथे साफ उलटा पडतो.

माझं मत असं : झुडपी बेडकाच्या अंड्यातून टॅडपोल निघत नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यामुळे त्याला डबकं लागत नाही, ओढा लागत नाही, ओल असलेलं पान पुरतं. काही प्रजाती तर बांबूच्या कांड्याला तळाशी पडलेल्या चिरेतून आत शिरून पोकळीत अंडी घालतात. पाण्यापासून सुटका झाल्यामुळे त्यांना डोंगरमाथे मोकळे झाले आणि प्रजाती फुटत गेल्या. जांभळ्या बेडकाचे टॅडपोल मात्र धबधब्याच्या ओढ्यात तोंडाच्या चूषकाने खडकाला चिकटून महिने काढतात.

एवढं उत्तर पुरतं का? बेडकांपुरतंच थांबू नका, इतर वंशांची उदाहरणंही येऊ देत.

अंजनवेल

चांगला धागा. पण 'दोनच' हा आकडा आजचा आहे. आजवर किती झाल्या आणि किती गेल्या, ते त्यात दिसत नाही.

न्यूझीलंडचा टुआटारा घ्या, सरड्यासारखा दिसणारा प्राणी. आज एकच प्रजाती. त्याच्या भगिनी शाखेत साप, सरडे, पाली मिळून ११,००० च्या वर. आळशी वंश म्हणून त्याला सोडून देणं सोपं आहे. पण मध्यजीव महाकल्पात याच घराण्यात पाला खाणारे होते, समुद्रात पोहणारे होते, आणि ते कितीतरी खंडांवर पसरलेले होते. आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरांमध्येही त्यांचे जबडे सापडलेत. त्यातल्या एकाचं नावच गोदावरीसॉरस. म्हणजे प्रजाती भरपूर झाल्या, पण मागे उरल्या नाहीत. जांभळ्या बेडकाबद्दल 'फुटलाच नाही' म्हणायचं की 'फुटला पण उरला नाही', हे आधी ठरवायला हवं. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

गणितवेडा

अंजनवेल यांच्याशी सहमत. आकड्यांत मांडतो.

सर्वांत सोपी रीत : शाखा तिच्या जवळच्या नातलगापासून फुटली तो काळ दशलक्ष वर्षांत घ्या. आजच्या प्रजातीसंख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा आणि काळाने भागा. चक्रवाढ व्याजाचंच गणित आहे. जो दर मिळतो तो निव्वळ, म्हणजे निर्मिती वजा विलोपन (प्रजाती नामशेष होणं).

पक्षी आणि मगर-सुसरी घेऊ. दोघांचा समान पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे २५० दशलक्ष. पक्षी ११,००० धरले तर लॉगॅरिदम ९.३१, दर ०.०३७. मगरी २७ धरल्या तर ३.३०, दर ०.०१३. प्रजाती चारशे पट जास्त आणि दर तिप्पटसुद्धा नाही! दरातला लहान फरक लांब काळात केवढा फुगतो, ते इथे दिसतं.

हे झालं विलोपन शून्य धरून. डायनोसॉर आणि टेरोसॉर याच दोन फांद्यांच्या मधले, तेव्हा शून्य हे धादांत खोटं आहे. आता दर दहा निर्मितींमागे नऊ विलोपनं धरा, म्हणजे गुणोत्तर ०.९. प्रजातीसंख्येला ०.१ ने गुणायचं, त्यात ०.९ मिळवायचे, मग लॉगॅरिदम. पक्षी ७.००, दर ०.०२८. मगरी १.२८, दर ०.००५. आता फरक साडेपाच पटींचा झाला. झाड तेच, प्रजाती त्याच. मेलेल्यांबद्दल काय गृहीत धरलं, एवढ्यावर निष्कर्ष दुप्पट हलला.

हिरडा

@गणितवेडा, ०.९ हाच आकडा का?

गणितवेडा

@हिरडा, ती दोन टोकं आहेत. शून्य आणि ०.९ दोन्ही धरून दर काढायचा आणि खरा दर मधे कुठेतरी असेल असं मानायचं, ही पद्धत २००१ पासून रूढ आहे. खऱ्या गुणोत्तराचा पुरावा जीवाश्मांकडून यावा लागतो.

आणखी एक. संख्या लहान असली की दर फार नाजूक होतो. झुडपी बेडूक साठाचे एकशेवीस निघाले तरी लॉगॅरिदम ४.०९ वरून ४.७९ वर जातो, म्हणजे फक्त १७ टक्के वाढ. जांभळे बेडूक दोनाचे चार निघाले तर दर थेट दुप्पट. आणि हा प्राणी जमिनीखाली राहतो. तेव्हा 'दोन' या आकड्यावर फार मोठा इमला उभा करू नका.

शिंपला

टॅडपोल असणं-नसणं याला समुद्रात तोडीस तोड उदाहरण आहे, आणि तिथे जीवाश्मही भरपूर मिळतात.

समुद्री गोगलगायींत दोन तऱ्हा असतात. काहींच्या अळ्या आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगतात, प्लवक खातात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. काहींची पिल्लं अंड्याच्या कोषातूनच रांगत बाहेर पडतात. शंखाच्या अगदी टोकाशी, म्हणजे जन्माच्या वेळच्या वेढ्यांत, हे लिहिलेलं असतं. तरंगणाऱ्या अळीचं अंडं लहान, म्हणून पहिला वेढा बारीक आणि अळी-अवस्थेचे वेढे अनेक. रांगणाऱ्याचं अंडं मोठं, पहिला वेढा ढब्बू, वेढे कमी. कोट्यवधी वर्षं जुन्या शंखावरही हे भिंगाखाली वाचता येतं. मात्र टोक झिजलेलं नसावं. झिजलेले नमुने मोजणीत घेतले की निकाल हमखास बिघडतो.

या वाचनातून दिसलं ते असं : रांगणाऱ्या गटांत नव्या प्रजाती पटापट होतात, पण प्रत्येक प्रजाती अल्पायुषी असते. तरंगणाऱ्यांत नव्या प्रजाती कमी, पण एकेक दीर्घकाळ टिकते, कारण तिचा प्रदेश मोठा असतो. एका किनाऱ्यावर घाला पडला तरी दुसरा किनारा उरतो.

म्हणून माझा मुद्दा : जो गुण फुटायला मदत करतो, बहुतेक वेळा तोच मरायलाही मदत करतो. करवंद यांनी टॅडपोल नसण्याची फक्त जमेची बाजू मांडली आहे. श्रीलंकेतले याच नात्यातले झुडपी बेडूक, स्यूडोफिलॉटस, पाहा. तिथेही टॅडपोल नाही, प्रजाती भरपूर, आणि त्यांतल्या डझनाहून जास्त आज नामशेष म्हणून नोंदलेल्या. पावसाळी जंगल तुटलं, एकेका टेकडीपुरता प्रदेश होता, तो गेला.

खाडीकाठ

शिंपला, +१. खेकड्यांतही हेच दिसतं.

खाडीतली चिंबोरी (सिला वंश) लाखो अंडी देते, त्यांतून तरंगत्या अळ्या निघतात आणि काही आठवडे उघड्या समुद्रात राहतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या या वंशात प्रजाती किती? चार. आता डोंगरातले गोड्या पाण्यातले खेकडे बघा. अंडी थोडी पण टपोरी, अळी-अवस्था नाहीच. अंड्यातून पूर्ण घडलेली पिल्लं निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतात. आई जिथे, पिल्लं तिथेच. जगभरात अशा खेकड्यांच्या १,३०० च्या वर प्रजाती. घाटमाथ्यावरच्या सड्यांवर जांभ्याच्या भोकांत राहणारे रंगीत घाटिआना खेकडे त्यांतलेच, एकेका पठारापुरते मर्यादित.

पठारावर खाण सुरू झाली की अशा प्रजातीला दुसरा पत्ताच नसतो.

सातवीण

इथे थोडी असहमत आहे. 'हिंडणं जितकं कमी तितक्या प्रजाती जास्त' असा सरसकट नियम काढू नका. चष्मेवाला (झोस्टेरॉप्स) बघा. आपल्याकडे परसातल्या झाडावर थव्याने येणारा हा पक्षी. या वंशाच्या बहुतांश प्रजाती गेल्या वीसेक लाख वर्षांत झाल्या, पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत हा वेग फार मोठा आहे. सॉलोमन बेटांवर काही किलोमीटर पाणी मधे असलेल्या शेजारच्या बेटांवर वेगवेगळे चष्मेवाले आहेत. पण मुळात त्या बेटांवर पोचायला त्यांना समुद्र ओलांडावाच लागला. मग पोचल्यावर हिंडणं थांबलं कसं? एक स्पष्टीकरण असं की पसरायची प्रवृत्ती स्थिरावल्यानंतर झपाट्याने कमी होते.

अजिबात न हिंडणारा प्राणी नव्या जागी पोचत नाही. फार हिंडणारा सतत मिसळत राहतो. फुटायला मधली स्थिती लागते. आणि ही 'मधली' कुठे पडते ते भूगोलावर ठरतं. पालघाट खिंड साधारण तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे. घारीला ती जाणवतही नाही. शोला जंगलातल्या शोलिकोला पक्ष्याला मात्र ती ओलांडता आली नाही, म्हणून निलगिरीकडची प्रजाती वेगळी आणि खिंडीच्या दक्षिणेकडची वेगळी. तेही उडणारे पक्षी असून! हजार मीटरच्या वरच्या थंड जंगलातून बाहेर पडून तापलेल्या सपाटीवरून जायची त्यांची तयारी नाही. पंख आहेत की नाहीत यापेक्षा कोणतं हवामान सोसतं, ते इथे महत्त्वाचं ठरलं.

दगडफूल

सातवीणताई, मुद्दा पटला. भूगोल तोच असून एक वंश फुटतो आणि दुसरा नाही, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आफ्रिकेतल्या सरोवरांतले सिक्लिड मासे.

व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर आजच्या सुमारे ५०० प्रजाती तिथे झाल्या. एकाच्या ५०० व्हायला नऊ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे दर सोळा-सतराशे वर्षांनी एकदा. एवढा वेग नव्या जनुकबदलांची वाट बघून शक्य नाही. २०१७ मध्ये जनुकसंचावरून दिसलं की या सगळ्यांचे पूर्वज काँगोकडच्या आणि वरच्या नाईलकडच्या दोन दूरच्या वंशांच्या संकरातून आले. डोळ्यातल्या लाल प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाची दोन रूपं दोन आजोळांकडून आली. या सरोवरात खोल पाण्यात तांबडा उजेड जास्त पोचतो, वरच्या पाण्यात निळा. खोलीवर राहणाऱ्या माद्यांना लाल नर नीट दिसतात, उथळ पाण्यातल्यांना निळे. माल तयार होता, फक्त वाटणी व्हायची होती.

आणि त्याच सरोवरांत पोचलेले इतर मासे असे फुटले नाहीत. सगळे सिक्लिडही नाहीत. आफ्रिकेतल्या ४६ सरोवरांचा एकत्र अभ्यास २०१२ मध्ये झाला. कुठे प्रजातींचा स्फोट होतो हे सरोवराची खोली, मिळणारं ऊन आणि त्या वंशात नर-मादीचे रंग वेगळे असणं, यांवर ठरताना दिसलं. म्हणजे जागेचे गुण आणि वंशाचे गुण जुळून यावे लागतात.

खाडीकाठ

आणि सिक्लिड म्हटलं की घशातल्या दुसऱ्या जबड्याचं नाव निघतंच. तोंडाचा जबडा पकडायला, घशातला चिरडायला, म्हणून अन्नाचे नाना प्रकार मोकळे झाले, असं पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण. पण गोव्यात ताटात येणारा काळुंदर हाही सिक्लिडच. त्यालाही तोच दुसरा जबडा. भारत आणि श्रीलंकेत मिळून काळुंदराच्या गटात प्रजाती तीन! नर-मादी सारखेच दिसतात, दोघं मिळून अंडी राखतात, आणि राहायला उथळ खाडी किंवा नदी. दगडफूल यांनी दिलेल्या तीन अटींतल्या दोन, खोली आणि नर-मादीचे वेगळे रंग, पुऱ्या होतच नाहीत.

एका अवयवावर सगळं श्रेय टाकणाऱ्या प्रत्येक स्पष्टीकरणाला हा प्रश्न विचारावा : तोच अवयव असलेले बाकीचे का नाही फुटले?

दगडफूल

खरं आहे. त्या जबड्याची दुसरी बाजूही सांगतो. घशातल्या खालच्या जबड्याची हाडं जुळून एक झाल्याने चिरडायची ताकद आली, पण घसा अरुंद झाला. मोठा मासा गिळायला सिक्लिडला फार वेळ लागतो, कधी तासन् तास. व्हिक्टोरियात १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला गेला, १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला. त्याला हा अडसर नाही, तो झटक्यात गिळतो. मासे खाणारे सिक्लिड सर्वांत आधी संपले. सरोवरातल्या सुमारे दोनशे प्रजाती गेल्या असा अंदाज दिला जातो.

शिवाय शेतीच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात रंग ओळखू येईनात, मग लाल-निळ्याची वेगळीक पुसत जाऊन मधल्याच रंगाचे मासे दिसू लागले. एकही मासा न मारता प्रजाती नाहीशी होते. फार जलद झालेल्या प्रजातींचं हे मोठं दुखणं आहे. त्यांच्यात फक्त निवडीची भिंत असते, संकराची पिल्लं धडधाकट असतात. भिंत पडली की परत एक.

अंजनवेल

दगडफूल यांच्या शेवटच्या परिच्छेदाने मूळ प्रश्नाला वेगळी दिशा मिळते. प्रजाती होणं म्हणजे तीन टप्पे : लोकसंख्या विभागणं, विभागलेला तुकडा तग धरणं, आणि पुन्हा भेट झाली तरी न मिसळण्याइतकं वेगळेपण येणं. आपण पहिल्या आणि तिसऱ्यावरच बोलतो. पण २०१३ मध्ये फळमाश्या आणि पक्षी या दोघांत तपासून पाहिलं, तेव्हा संकर न होण्याइतका दुरावा किती लवकर येतो याचा प्रजातिनिर्मितीच्या दीर्घकालीन वेगाशी संबंध सापडला नाही. बहुधा मधला टप्पाच खरा अडथळा आहे. तुकडे सतत पडत असतात, त्यांतले बहुतेक मरतात किंवा परत मिसळतात.

सह्याद्रीला हे लावून बघा. दक्षिणेकडे अनाईमुडी २,६९५ मीटर, पाऊस दोन्ही मान्सूनचा. हवामान कोरडं झालं तर ओलं जंगल चढावर सरकून तग धरतं, तुकडे जिवंत राहतात. उत्तरेकडे कळसूबाई १,६४६ वर संपतं आणि सात-आठ महिने पाऊस नाही. तुकडे पडले तरी टिकायला जागा कमी. डिजिटिपीस वंशाच्या गोमींवरचं २०१३ चं काम याच धर्तीचं आहे : दख्खनच्या लाव्हा-उद्रेकांच्या काळात दक्षिण सह्याद्री आसरा ठरला असावा.

हिरडा

पण उत्तरेत कास, आंबोली, चाळकेवाडीच्या सड्यांवर गेंद, खरचुडी, तेरडे या फुलझाडांच्या किती प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच सापडणाऱ्या) प्रजाती आहेत! त्याचं काय?

सातवीण

@हिरडा, तिथे वस्तीच वेगळी आहे. सडा म्हणजे वीतभर माती, चार महिने पाणथळ, मग तापलेला कातळ. जंगलाच्या प्राण्याला तो ओलांडायचा अडथळा, पण वर्षायू रोपट्याला किंवा कंदावर उन्हाळा काढणाऱ्या खरचुडीला तेच घर. बी जमिनीत कोरडे महिने निभावतं. ज्याची तग धरायची रीत जिथे चालते, तिथे त्याच्या प्रजाती साठतात. त्यामुळे 'उत्तर सह्याद्री गरीब, दक्षिण श्रीमंत' हे बेडकांपुरतं खरं, गेंदाला लागू नाही.

वनस्पतींचा विषय निघाला म्हणून वांग्याच्या कुळाचं उदाहरण देते, विलोपनाबद्दल इतकं बोलकं दुसरं नाही. या कुळात (वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू) कित्येक प्रजाती स्वतःचा पराग नाकारतात. परागनलिका कुक्षीवृंतात शिरली आणि तिची खूण झाडाच्या खुणेशी जुळली, की तिथलं विकर (एन्झाइम) तिचं आरएनए तोडून तिला वाटेतच थांबवतं. ही यंत्रणा मोडणं सोपं, एक बदल पुरतो. परत घडवणं जवळपास अशक्य. मग आजवर सगळ्याच प्रजाती स्वपरागी का झाल्या नाहीत? २०१० मध्ये उत्तर मिळालं : स्वपराग चालणाऱ्या वंशांत नव्या प्रजाती जास्त वेगाने होतात, पण विलोपन त्याहूनही जास्त, निव्वळ दर शून्याखाली. स्वपराग नाकारणाऱ्यांचा निव्वळ दर शून्याच्या वर. एकेका झाडापुरता स्वपराग फायद्याचा, वंशाला मात्र तो मारक.

करवंद

भरल्या वांग्यामागे एवढं राजकारण असेल असं वाटलं नव्हतं. :)

प्रश्न : हे निर्मिती आणि विलोपन वेगवेगळे मोजले कसे? वंशवृक्षात तर जिवंतच असतात.

गणितवेडा

@करवंद, गुणधर्म आणि दर एकत्र बसवणारी प्रारूपं असतात. कुणाला सह्याद्रीच्या बेडकांवर चालवायची असतील तर क्रम असा ठेवा.

आधी कालमापित वंशवृक्ष (फांद्या कधी फुटल्या ते वर्षांत दाखवणारा), प्रत्येक प्रजातीचं एकच टोक. एकाच प्रजातीचे पाच नमुने टाकले तर टोकाशी खोट्या फांद्या येतात आणि अलीकडे निर्मिती वाढल्यासारखी दिसते. उलट गुप्त प्रजाती (दिसायला सारख्या, पण जनुकांनी वेगळ्या) वगळल्या तर निर्मिती मंदावल्यासारखी दिसते. मग प्रत्येक स्थितीसाठी नमुन्याचं प्रमाण वेगळं द्या. टॅडपोलवाल्यांपैकी किती टक्के झाडात आहेत, बिनटॅडपोलवाल्यांपैकी किती, असं. सगळ्यांना एकच टक्का दिला की ज्या गटाचा अभ्यास जास्त झालाय तो वेगवान ठरतो.

नंतर प्रारूपांची तुलना. निव्वळ 'गुणधर्म आहे किंवा नाही' या दोन स्थितींचं प्रारूप (बिसी) एकटं चालवून ते 'दर सगळीकडे सारखा' याच्याशी ताडलं, तर जवळजवळ नेहमी गुणधर्मच जिंकतो. कारण झाडात दुसऱ्याच कारणाने दर बदललेला असतो आणि प्रारूपाला तो टांगायला दुसरी खुंटी नसते. २०१५ मध्ये हा दोष उघड झाला. म्हणून छुप्या स्थितीचं प्रारूप (हिसी) आणि गुणधर्माशी संबंध नसलेलं पण तितक्याच दरांचं चार छुप्या स्थितींचं प्रारूप, दोन्ही चालवा. दुसरं जिंकलं तर तुमचा गुणधर्म निर्दोष सुटला. शंभराहून कमी टोकांच्या झाडावर विलोपनाचे आकडे छापू नका, पट्टा इतका रुंद येतो की त्यात काहीही बसतं.

सर्वांत मोठी अडचण याहून मुळातली. सह्याद्री-श्रीलंकेच्या झुडपी बेडकांत टॅडपोल जाण्याची घटना एकदाच घडली. साठ प्रजाती म्हणजे साठ पुरावे नव्हेत, पुरावा एक. त्याच फांदीवर दुसरं काहीही बदललं असेल तर त्यालाही तेवढंच श्रेय जातं. वांग्याच्या कुळात स्वपराग नाकारण्याची यंत्रणा अनेकदा स्वतंत्रपणे मोडली, म्हणून तिथला निकाल वजनदार आहे.

अंजनवेल

गणितवेडा यांच्या यादीत एक जोड. २०२० मध्ये सिद्ध झालं की दर काळाप्रमाणे बदलू दिले, तर फक्त जिवंत प्रजातींच्या एकाच झाडाला निर्मिती-विलोपनाचे असंख्य वेगवेगळे इतिहास तंतोतंत सारखे जुळतात. जास्त माहिती गोळा करूनही हे सुटत नाही. टोकाजवळचा, म्हणजे अलीकडचा निर्मितीदर बऱ्यापैकी कळतो, खोल भूतकाळातलं विलोपन नाही.

देवमासे-डॉल्फिनांत हे ठळक दिसलं. आज सुमारे ९० प्रजाती. साध्या प्रारूपांत जिवंतांच्या झाडावरून वैविध्य वाढत आल्याचं चित्र येतं. जीवाश्म सांगतात की गेल्या कोटीभर वर्षांत ते उतरत आलं आहे. जिथे हाडं आहेत तिथे हाडांचं ऐकावं. फक्त जतन होण्याची शक्यता प्रत्येक गटात आणि प्रत्येक थरात वेगळी असते, ती धरूनच प्रजातीचा पहिला आणि शेवटचा काळ काढायचा. सापडलेला पहिला दात म्हणजे जन्मतारीख नव्हे.

बेडकांची हाडं ओल्या जंगलाच्या आम्ल मातीत टिकत नाहीत. मुंबईत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात इंडोबॅट्रॅकस नावाचा छोटा बेडूक मिळालाय, पण जांभळ्या बेडकाचा इतिहास त्यावरून लिहिता येत नाही.

शिंपला

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. टॅडपोल नसल्यामुळेच सगळं झालं, याविरुद्ध दोन सरळ पुरावे आहेत.

पहिला : सह्याद्रीतले रातबेडूक, निक्टिबॅट्रॅकस. ओढ्याशी बांधलेले, टॅडपोल असलेले, तरी तिसाहून जास्त प्रजाती. २०१७ मध्ये एकाच शोधनिबंधात सात नव्या आल्या. दुसरा : जांभळ्या बेडकाचा सेशेल्सचा नातलग, गार्डिनरचा बेडूक. सेंटिमीटरभर लांबीचा, आणि त्याच्या अंड्यातून थेट बेडूकच निघतो. टॅडपोल नाही, तरी चार प्रजातींच्या कुळातला एक. त्याला मिळालेली बेटंच चिमुकली.

म्हणजे टॅडपोल असूनही फुटता येतं आणि नसूनही थांबता येतं.

सातवीण

रातबेडूक आणि झुडपी बेडूक यांच्यात समान काय, ते पाहिलं पाहिजे. दोघांनाही ठरावीक उंचीची, ठरावीक ओलीची जागा लागते, आणि अशा जागा सह्याद्रीत डोंगरागणिक तुटक आहेत, तरी दक्षिणेत लाखो वर्षं टिकून आहेत. झुडपी बेडकांवरच्या २०१६ च्या अभ्यासात एकच कारण पुरलं नाही. खिंडी, उंचीचा उतार आणि हिमयुगांतले हवामानबदल, प्रत्येकाचा वाटा झाडाच्या वेगवेगळ्या भागांत निघाला. जुन्या फांद्यांत भूगोल, अलीकडच्यांत हवामान, असा साधारण कल.

जांभळा बेडूक जमिनीखाली राहतो, तिथे तापमान आणि ओल वर्षभर फार हलत नाही. उंचीप्रमाणे त्याला वेगळं व्हायचं कारण कमी. त्याला बांधून ठेवतो तो प्रजननाचा क्षण : मोसमाच्या पहिल्या जोरदार सरींना वर यायचं, ओढ्यात अंडी घालायची, परत खाली. आणि दोन प्रजाती झाल्या त्या नेमक्या इथेच. पश्चिम उतारावरची नैर्ऋत्य मान्सूनच्या तोंडाशी प्रजनन करते, पूर्व उतारावरची, २०१७ मध्ये नोंदलेली, ईशान्य मान्सूनच्या पावसात. कॅलेंडर वेगळं, म्हणून भेटच नाही. दक्षिण सह्याद्रीत पावसाचे हंगाम दोन, प्रजाती दोन.

करवंद

हे फार आवडलं. म्हणजे प्रत्येक वंशाला दुरावा आणणारी गोष्ट वेगळी, आणि सह्याद्रीत ती किती वेळा घडू शकते यावर संख्या. झुडपी बेडकाला डोंगरमाथे शेकडो, जांभळ्याला पावसाळे दोन.

अंजनवेल

@करवंद, तेवढ्यावर शिक्का मारू नका. जे तुकडे मेले त्यांची नोंद नाही, हे कायम आहे. आणि सेशेल्सच्या शाखेपासून फुटल्याचा काळही हलतो. २००३ च्या मूळ शोधनिबंधात तो सुमारे १३ कोटी वर्षं होता, नंतरचे काही अंदाज बरेच अलीकडचे आहेत. काळ निम्मा झाला की गणितवेडा यांचा दर दुप्पट.

पण सातवीणताईंचं म्हणणं तपासता येण्यासारखं आहे. टॅडपोल ओढ्यात महिने राहतात आणि खडकावर सहज दिसतात, प्रौढ शोधत जमीन खणायची गरज नाही. परवानगी घेऊन पूर्व आणि पश्चिम उतारांवरच्या ओढ्यांतून शेपटीच्या टोकाचे बारीक तुकडे घ्यायचे, अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोलमध्ये ठेवायचे, टॅडपोल जागेवरच सोडायचे. एका ओढ्यातून एका घोळक्याचे दहा घेण्यापेक्षा दहा ओढ्यांतून एकेक घ्या, नाहीतर सगळी भावंडंच हाती लागतात. जनुकीय अंतर पावसाच्या हंगामाप्रमाणे पडतं की खिंडींप्रमाणे, हे त्यातून कळेल. हंगामाप्रमाणे पडलं तर सातवीणताई बरोबर. खिंडीप्रमाणे पडलं तर जमिनीखाली आणखी काही प्रजाती दडलेल्या असण्याची शक्यता वाढते.

हिरडा

वाचनखूण साठवली. गेंदावर स्वतंत्र धागा काढतो आहे. सड्यांमधली अंतरं आणि बी किती वर्षं जिवंत राहतं याची माहिती कुणाकडे असेल तर तिथे द्या.